साठचा रकाना

अम बेल्गासेमची नोकरी माझ्या एका ओळीने गेली. ओळ अशी होती: ‘चालकाने ठरवून दिलेला वेग पाळला नाही.’ या ओळीत एक शब्द खोटा नाही, आणि मी जन्मात याहून खोटं काही लिहिलेलं नाही. नोकरीबरोबर त्यांचं नावही गेलं. ते परत मिळवून देणं फक्त माझ्या हातात होतं, दुसऱ्या कुणाच्या नाही. मी ते काम कसं केलं ते सांगते. ऐकता ऐकता माझा राग येईल. येऊ दे, मलाही येतो.

अम म्हणजे काका. आमच्या ततावीनमध्ये बापाच्या वयाच्या माणसाला कुणी नुसत्या नावाने हाक मारली, तर लोक आधी त्याच्या आईबापाची चौकशी करतात. अम बेल्गासेम उलेद मज़ूज़ गावचे. ततावीनपासून चाळीस किलोमीटर, सगळा रस्ता डोंगरातला. या रस्त्यावर त्यांनी बावीस वर्षं लुआज चालवली. लुआज म्हणजे आठ माणसं भरली की सुटणारी पांढरी गाडी, बाजूला पिवळा पट्टा. आठवं माणूस मिळेपर्यंत सात जणांनी त्यांच्या गप्पा ऐकायच्या, आणि ऐकणारे म्हणत, आठवा उशिरा आला तरी चालेल. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, सामान टपावर चढवणं जमेना, तेव्हा त्यांनी लुआज विकली आणि आमच्या ऑफिसच्या कंत्राटदाराकडे मोबाइलचा सिग्नल मोजायच्या गाडीवर चालक म्हणून लागले.

त्यांचे दोन मुलगे, फेथी आणि म्हेन्नी, पॅरिसला पावाच्या भट्टीवर. दर शुक्रवारी दुपारी बापाला फोन. मोबाइल नवीन होता त्या काळात या रस्त्यावर सिग्नल यायचा आणि जायचा, आणि अम बेल्गासेम गाडी चालवता चालवता शिकले की कुठल्या दगडापाशी थांबलं तर फेथीचा आवाज स्वच्छ येतो आणि कुठे म्हेन्नी मध्येच गिळला जातो. सगळे उतारू मुकाट बसून राहायचे, कारण बापाचं बोलणं झाल्याशिवाय गाडी हलायची नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी जागांना नावंसुद्धा ठेवली होती. एक बहिऱ्याचं वळण. एक हॅलो-हॅलोची उतरण. आणि एक सासूचा चढ. बायका त्या चढाच्या आधी दोन मिनिटं सासूला फोन लावायच्या, म्हणजे ‘कशी आहेस’ विचारून होईतो फोन आपोआप तुटे आणि कुणाला वाईट वाटत नसे.

आता माझं सांगते. मी रौज़ा. जन्म ततावीनचा, शिक्षण स्फाक्सला, नोकरी ट्युनिसला. आमच्याकडे लोक ‘ग’ म्हणतात तिथे राजधानीत घशातून ‘क़’ काढतात. ऑफिसात पाय टाकला त्या दिवसापासून मी एकदाही ‘ग’ म्हटलं नाही. कुणी विचारलं कुठली, तर म्हणायची, दक्षिणेकडची. दक्षिणेला कुठली म्हणून कुणी विचारू नये असं बघायची. लाज बाळगायची माझी सवय अशी जुनी आहे, फक्त ती चुकीच्या गोष्टींची बाळगत आले.

माझं काम सिग्नल कधी विरणार ते आधी सांगण्याचं. लोकांना वाटतं सिग्नल टॉवरवरून सरळ फोनमध्ये येतो. तसं नसतं. तो कड्यावर आपटून येतो, समोरच्या ट्रकवर आपटून येतो, जमिनीवरून उडून येतो, आणि या सगळ्या लाटा एकदमच फोनपाशी पोचतात. कधी एकमेकींना हात देतात, कधी एकमेकींचे पाय ओढतात. पाय ओढले की सिग्नल बुडतो, आणि गाडी वीतभर पुढे सरकली की पुन्हा वर येतो. गाडी जेवढी जोरात, तेवढ्या या बुड्या भराभर. माझा प्रोग्रॅम मागच्या बुड्या बघून पुढची कधी येणार ते सांगायचा. डोळ्याचं पातं लवण्याइतकं आधी कळलं तरी पुरे. तेवढ्यात ॲम्ब्युलन्समधली फोनची पेटी दुसरा टॉवर धरते आणि आतल्या नर्सचा डॉक्टरशी चाललेला फोन तुटत नाही. उलेद मज़ूज़हून दवाखाना पाऊण तासावर. त्या पाऊण तासात डॉक्टरचा आवाज कानात असला तर माणूस वाचतो, हे सरकारला पटलं होतं, आणि पहिला रस्ता म्हणून हाच निवडला गेला.

प्रोग्रॅमला शिकवायला आधी मोजणी लागते. टपावर अँटेना, मागच्या सीटवर चार फोन, माझ्या मांडीवर लॅपटॉप आणि पुढे अम बेल्गासेम. रोज तोच रस्ता, साठच्या वेगाने, जाऊन येऊन चार फेऱ्या. असे पंचवीस दिवस.

पहिल्याच दिवशी ते मला बिन्ती, म्हणजे माझ्या लेकी, अशी हाक मारत म्हणाले, “काय शोधतेस बिन्ती या डोंगरात?”

“सिग्नल कुठे बुडतो ते.”

“एवढंच? त्याला ट्युनिसहून यावं लागतं होय? मला फोन करायचास.” मग स्टिअरिंगवर बोट आपटत म्हणाले, “बघ हं. आता जाईल. त्या पांढऱ्या दगडानंतर.”

पांढरा दगड मागे पडला आणि माझ्या पडद्यावरची रेघ खड्ड्यात गेली.

“आणि आता येईल,” ते म्हणाले. ती आली. मला हसू आलं आणि थोडं अंगावरही आलं. तीन वर्षं विद्यापीठात डोकं फोडून मी जे शिकले ते हा माणूस मुलांचे फोन ऐकून शिकला होता. त्या दिवशी दुपारी आम्ही गाडीच्या सावलीत बसून ब्सीसा खाल्ला, भाजक्या जवाचं पीठ तेलात कालवलेलं, त्यांच्या बायकोने, म्बारकाने, बांधून दिलेलं. मी वहीत त्यांच्या जागांची नावं उतरवून घेतली. नंतर त्या जागा माझ्या सादरीकरणात आल्या, ‘स्थानिक निरीक्षण’ म्हणून. निरीक्षण कुणाचं ते मी लिहिलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी मी तेव्हा स्वतःची समजूत घातली. कुणी विचारलं नाही.

त्या रस्त्यावर बावीस किलोमीटरवर खंगा लागतो. दोन्हीकडे उभे कडे, मध्ये रस्ता, जेमतेम तीनशे मीटर. आणि त्या खंग्यात, डाव्या हाताला, सीदी उबैद पिराचा चुन्याने रंगवलेला घुमट. तिथून जाताना कुणीही गाडी जोरात काढत नाही. लग्नाची वरात असली तरी ढोल थांबतो. गाडी वीसवर आणायची, गाणं बंद करायचं, फातिहा म्हणायची, हात तोंडावरून फिरवायचा आणि मग पुढे. मीही लहानपणी आजोबांच्या गाडीत हेच करत आले.

अम बेल्गासेमनीही तेच केलं. गाडी वीसवर आली, ओठ हलले, हात तोंडावरून फिरला.

“अम, साठ ठेवायला सांगितलंय,” मी म्हणाले.

“इथे नाही ठेवता येत, बिन्ती. तुला माहीत नाही होय? तू इथलीच ना?”

“मोजणी आहे ती.”

“मग मोज की. मी नाही म्हणतोय का? इथे बेल्गासेम वीसने जातो असं लिही. कागदाला काय, तो वीससुद्धा ऐकून घेतो.” पुढच्या फेरीला त्यांनी पुन्हा आठवण करून दिली, “लिहिलंस ना वीस? नाही लिहिलंस तर उद्या कुणाला तरी वाटेल मी झोपलो होतो.”

“लिहिते,” मी म्हणाले.

पुढे रोज चारही फेऱ्यांना ते खंग्यात वीसवर यायचे आणि पलीकडे गेलं की माझ्याकडे बघून बोटाने हवेत दोन आणि शून्य काढायचे. त्यांचा तो खेळच झाला होता. मी मान हलवायची.

ट्युनिसला आल्यावर मी आकडे उघडले. वेगाचा रकाना जीपीएसवरून भरला जायचा. खंग्यात उभ्या कड्यांमुळे जीपीएस लागायचा नाही, तेव्हा तेवढे तीनशे मीटर रकाना रिकामा. शंभर फेऱ्या, शंभर रिकामे तुकडे. ऑफिसचा नियम असा की रिकाम्या जागी हातानं आकडा भरायचा आणि शेजारी कारण लिहायचं. मी वीस भरायला बोट नेलं आणि कारणाच्या चौकटीपाशी अडले.

काय लिहू? ‘चालक पिराला मान देण्यासाठी हळू झाला’?

आमचे साहेब सी नौफ़ेल, सी म्हणजे श्रीयुत. माणूस हुशार, बोलायला गोड, आणि हसवण्यात पटाईत. आमच्यातल्या एका केबीलीच्या, दक्षिणेकडच्याच मुलाने एकदा अहवालात लिहिलं होतं की टॉवरवर कावळा बसला म्हणून कामगार वर चढला नाही. सी नौफ़ेलनी ते मीटिंगमध्ये वाचून दाखवलं, क़ारी कुराण वाचतो तसा सूर लावून. वर्षभर त्या मुलाला सगळे कावळा म्हणायचे. शेवटी तो नोकरी सोडून गेला. मीही म्हणायची. सगळ्यात मोठ्याने मीच म्हणायची, कारण मीही तिकडचीच होते आणि ते कुणाच्या ध्यानात येऊ नये अशी माझी धडपड होती.

मग मी सी नौफ़ेलचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. ‘रौज़ा, तुमच्या पिराचा टॉवर कुठल्या कंपनीचा?’ एवढं ते म्हणाले असते. एवढंच. आणि या एवढ्याच्या भीतीने मी त्या शंभर जागी साठ भरले. कारणात लिहिलं: ‘जीपीएस अनुपलब्ध, नियोजित वेग.’ हेही खरंच होतं. काम संपवून मी कॉफी प्यायला गेले, मला काहीसुद्धा वाटलं नाही.

याचा अर्थ काय झाला ते सरळ सांगते. मी रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याचं वेगळं गणित बसवलं होतं. खंग्यात जीपीएस नाही, म्हणून तिथे प्रोग्रॅम वेग विचारायचाच नाही, साठ धरून चालायचा. आणि त्याला शिकवलं होतं ते वीसच्या गाडीवर. म्हणजे बुड्या निवांत, एकीमागून एक येतात असं त्याला वाटत होतं. खरोखरचा साठचा वेग आला की त्याच बुड्या तिप्पट घाईने येणार होत्या.

हे चाचणीत कळायला हवं होतं. कळलं नाही. चाचणीच्या दिवशी ॲम्ब्युलन्स रिकामी होती, चालक तिथलाच होता, आणि खंग्यात शिरल्यावर त्यानेही गाडी वीसवर आणली, भोंगा बंद केला आणि हात तोंडावरून फिरवला. फोन खडखडीत चालला. सी नौफ़ेल टाळ्या वाजवत मला म्हणाले, “शाबास, आमची दक्षिणेची वाघीण.” मी मागच्या बाकावर बसले होते. घुमट बाजूने गेला. मला कळलं होतं. तुम्हाला वाटेल नंतर कळलं असेल, चौकशीत वगैरे. नाही. त्या क्षणी, त्या बाकावर कळलं. आजारी माणूस घेऊन जाणारी गाडी इथे हळू होणार नाही, सीदी उबैद आजाऱ्याला अडवत नाही, हेसुद्धा मला आजोबांनीच सांगितलं होतं. मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात दुसरं काम आलं.

दीड महिन्याने, जूनमध्ये, उलेद मज़ूज़च्या सालिहाला विंचू चावला. जवाच्या पेंढ्या उचलताना, मनगटाला. काळा विंचू. ॲम्ब्युलन्स निघाली, नर्सने पेटी लावली, पलीकडून डॉक्टर बोलू लागला. विषावरचं इंजेक्शन किती द्यायचं, किती अंतराने, छातीचे ठोके असे पडले तर काय करायचं. गाडी खंग्यात साठने शिरली. फोन तुटला, लागला, तुटला. पेटी प्रत्येक वेळी चुकीच्या क्षणी चुकीचा टॉवर धरत होती, बुडी येऊन गेल्यावर जागी होत होती. त्या धरसोडीत ती एवढी गोंधळली की खंग्याबाहेर येऊनही दहा मिनिटं लागेना. नर्स पोरसवदा होती. दुसरं इंजेक्शन द्यावं की नाही हे तिला ठरवता आलं नाही. ती वाट बघत राहिली.

सालिहा वाचली, पण अकरा दिवस तिच्या घशात नळी होती. उजवा हात अजून थरथरतो, असं सांगतात. ती अम बेल्गासेमच्या चुलतभावाची बायको.

चौकशी लागली. तीन माणसं, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. सी नौफ़ेल माझ्या शेजारी. समितीत एक बाई होती, केस पांढरे, आवाज हळू. तिने मूळ आकडे स्वतः बघितले होते. म्हणाली, “या बुड्या साठच्या वेगाच्या नाहीत. वीसच्या आहेत, फार तर पंचवीस. तुम्ही चालकाला साठ ठेवायला सांगितलं होतं?”

“हो,” मी म्हणाले.

“त्याने ठेवला?”

“नाही.”

“रकान्यात साठ कसा आला?”

“तिथे जीपीएस लागत नाही. नियमाप्रमाणे नियोजित वेग भरला.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता विचारेल, ‘तुम्हाला माहीत होतं का?’ ती विचारणार होती, मला अजून शपथेवर सांगता येईल. तोंड उघडलंही होतं तिने. पण सी नौफ़ेलनी मध्येच हात पसरून म्हटलं, “मॅडम, तिकडचे चालक. त्यांना साठ आणि वीस सारखंच.” सगळे हसले. आणि मीही हसले. हे सांगायला जीभ उचलत नाही, पण तेच सांगायला बसले आहे. मी हसले, आणि तोंडातून घशातला ‘क़’ काढत म्हणाले, “क़द्दाश मर्रा क़ुल्तलू”, कितीदा सांगितलं त्यांना.

अहवालात ती ओळ मी लिहून दिली. सी नौफ़ेल म्हणाले, तू मोजणीला होतीस, तूच लिही. कंत्राटदाराने दुसऱ्या दिवशी अम बेल्गासेमकडून गाडीची किल्ली काढून घेतली.

गावात काय झालं ते मला बहिणीकडून कळत गेलं. ती ततावीनमध्येच दिलेली आहे. म्हणाली, लोक त्यांना तोंडावर काही बोलत नाहीत, पण चहाच्या दुकानात ते आले की बाक रिकामा होतो. सालिहाचा नवरा, सख्ख्या चुलत्याचा मुलगा, त्याने बोलणं टाकलं. बकरी ईदला मांसाचा वाटा घरोघर जातो, तो त्यांच्या घरून गेला आणि सालिहाच्या घरून तसाच परत आला. पातेल्यावरचं फडकंसुद्धा सोडलेलं नव्हतं. पॅरिसहून फेथी म्हणाला, इकडे या. ते म्हणाले, पळून आला म्हणतील.

“त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही?” मी विचारलं. “की रौज़ाला मी सांगितलं होतं, वीस लिही, असं काही?”

“नाही गं,” बहीण म्हणाली. “सांगण्यासारखं काही होतं का?”

मी फोन ठेवला.

पुढचे पाच महिने माझी झोप, जेवण, सगळं ठीक होतं, हेच मला आठवतं. त्याचीच आता किळस येते. मग एके दिवशी ऑफिसात नवीन मुलगी आली, गाफ्साची, तीही दक्षिणेकडची. ती बिनधास्त ‘ग’ म्हणायची, आणि कुणीही हसत नव्हतं. सी नौफ़ेलसुद्धा नाही. मी आठ दिवस तिच्याकडे बघत राहिले. मग रजा टाकली, एक पत्र लिहिलं, समितीला उद्देशून. चालकाने मला वेग वेळोवेळी सांगितला होता. तो मी नोंदवला नाही. रकान्यात साठ मी जाणूनबुजून भरला. खाली सही केली. ठरवलं, आधी हे अम बेल्गासेमना वाचून दाखवायचं, त्यांच्या पाया पडायचं, आणि तिथूनच ततावीनच्या पोस्टात टाकायचं. एक प्रत सालिहाच्या नवऱ्याला.

सकाळी दहाला पोचले. अंगणात अंजिराचं झाड, त्याखाली चटई, त्यावर ते बसले होते. अर्धे झाले होते. मला बघून एकदम उठायला गेले, गुडघ्याने दगा दिला, भिंत धरून उभे राहिले. म्बारका आतून बघून पुन्हा आत गेली. तिने माझ्या हातात हात दिला नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, तिला माहीत असणार.

“बस, बिन्ती, बस. एवढ्या लांबून आलीस.” त्यांनी स्वतः उशी झटकून दिली. चहाची निळी किटली शेगडीवर होती. त्यांनी पहिला पेला मला दिला, गोड, काळा, फेसाळलेला. देताना थोडा चहा माझ्या बोटांवर सांडला.

“अम,” मी म्हणाले. पर्समध्ये हात घातला, पत्राची कड बोटांना लागली. “मला तुमच्याशी बोलायचंय.”

“मला माहीत आहे तू का आलीस. आधी मला बोलू दे. मी मोठा आहे.” ते माझ्याकडे बघत नव्हते, पेल्याकडे बघत होते. “मी तुझं काम नासवलं. तू साठ सांगितलंस, मी ऐकलं नाही. मला वाटलं, तीनशे मीटरने काय होतंय. तुझ्या साहेबाने तुला किती बोललं असेल. पोरीची जात, एवढं शिकून वर गेलेली, आमच्यातली एकच. आणि मी तुझी मान खाली घालायला लावली. सालिहाचं तर मी बोलूच शकत नाही.”

“अम, तसं नाही ते.”

“तसंच आहे. मला खूश करायला बोलू नकोस.” त्यांनी किटली शेगडीवरून उतरवली. “मी तुला म्हणायचो ना, वीस लिही म्हणून? थट्टा करायचो बोटांनी. मला वाटायचं लिहिलं की झालं. मला काय कळतं यातलं? लिहून थोडंच बरोबर होणार होतं. तू लिहिलं असशीलच. तुझी काही चूक नाही.”

तू लिहिलं असशीलच. त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटत होतं मी वीस लिहिलं आणि तरीही त्यांच्या हळू होण्याने सगळं बिघडलं. त्या माणसाने पाच महिने माझ्यावर एकदाही संशय घेतला नव्हता.

“मी आता तिथून पायीसुद्धा जात नाही,” ते म्हणाले. “वरच्या वाटेने जातो. सीदी उबैदला काय तोंड दाखवू? त्याच्या नावाने मी बाईचा हात घालवला.” आणि मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघत म्हणाले, “सामहनी, बिन्ती.”

सामहनी म्हणजे माफ कर. आमच्याकडे हा शब्द कुणी म्हटला की समोरच्याने क्षणाचाही वेळ न लावता ‘मुसामह’ म्हणायचं असतं, माफ केलं. धक्का लागला, पाणी सांडलं, मयताच्या घरी निरोप घेताना, हजला निघताना. तो शब्द डोक्यातून येत नाही, थेट जिभेवरून येतो, सलामाला सलाम येतो तसा. उशीर केला तर अपमान होतो.

माझ्या मनात सगळं होतं. पत्र बोटांत होतं. त्यांचे डोळे पाण्याने भरलेले, माझ्यावर रोखलेले.

“मुसामह, अम,” मी म्हणाले. ‘ग’ आणि ‘क़’ काहीच नसलेला, स्वच्छ उच्चार.

त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला. खांदे खाली आले. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या अंगातला ताण गेला असावा, असं वाटलं. त्याच वेळी मी पत्र काढायला हवं होतं. काढते, आता काढते, असं मनात म्हणत होते. पण तो चेहरा एवढा मोकळा झाला होता की मला वाटलं, आता सांगितलं तर ही त्यांची सुटका मी परत हिसकावून घेईन. असं वाटलं, असं मी म्हणते. खरं म्हणजे मला सुटका माझी दिसली होती. पर्समधला हात मी रिकामाच बाहेर काढला.

“म्बारका,” त्यांनी आत हाक मारली. “बाहेर ये. ऐकलंस का? आली ती. माफ केलं तिने.”

म्बारका हात पुसत धावत आली. मघाशी तिने तोंड फिरवलं ते रागाने नव्हतं, लाजेने होतं, हे मला तेव्हा कळलं. ती म्हातारी माझ्यासमोर उभी राहून रडू लागली. म्हणाली, तू आमच्या घरात आलीस हे लोकांनी बघितलं, आता त्यांचीही तोंडं मिटतील, देव तुझ्या आईबापाला सुखी ठेवो. मग तिने माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, कपाळाला ओठ लावायला. ती बुटकी होती, तिला पोचत नव्हतं.

मी मान खाली केली, तिला सोपं जावं म्हणून.